किनाऱ्यावरचं तेवढं आठवतं

१

अंदमानहून परत आल्यापासून मनोहरराव टिपणिसांना आठवायला लागलं, आणि कोलकात्याच्या लेक गार्डन्समधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बऱ्याच काळानं कुणीतरी मोठ्यानं हसलं.

त्याआधीचा दिनक्रम सुनीतीबाईंच्या अंगवळणी पडला होता. सकाळी गल्लीत मासेवाल्याची आरोळी आली की त्या उठत, दोन कप चहा करत आणि नवऱ्याला हाताला धरून बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीत आणून बसवत. मनोहरराव आधी चहाकडे बघत, मग बायकोकडे, आणि अदबीनं विचारत, “आपण इथल्याच का?”

खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये वर्षानुवर्षं नोकरी केलेला माणूस. नुसत्या भोंग्यावरून जहाज ओळखायचा. आता त्याला घरातलं न्हाणीघर सापडत नव्हतं.

“हो, इथलीच,” सुनीतीबाई म्हणत आणि कपाचा कान त्यांच्या बोटांत अडकवून देत.

परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मनोहररावांनी कप स्वतःच उचलला. एक घोट घेतला. बाहेर बघत म्हणाले, “सुनी, वाळू काय तापली होती गं. तू चपला हातात घेऊन पळत सुटलीस आणि मग पाय भाजले म्हणून माझ्यावरच चिडलीस.”

सुनीतीबाई होत्या तिथेच, बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसल्या. ‘सुनी’ ही हाक त्या घरातून गेली त्याला किती दिवस झाले होते, हे मोजायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

२

सहलीची कल्पना चैत्रालीची, त्यांच्या मुलीची. डॉक्टर म्हणाले होते की जुन्या, आवडत्या जागी नेऊन बघा, बरं वाटेल. आई-बाबांची आवडती जागा कुठली हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. लग्नानंतर मनोहररावांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा ही दोघं खिदिरपूरहून बोटीनं अंदमानला गेली होती आणि तिथल्या एका लहानशा बेटावर राहिली होती. तेव्हा त्या किनाऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. पाण्यावर आडवं झुकलेलं एक जुनं झाड आणि पांढरी वाळू.

पुढे त्या झाडावर बसून एका हिंदी सिनेमाच्या नायिकेनं गाणं म्हटलं आणि सगळ्या देशाला तो किनारा माहीत झाला. सिनेमा लागला तेव्हा टिपणीस मंडळी छोट्या चैत्रालीला घेऊन बघायला गेली होती. अंधारात मनोहरराव वाकून कुजबुजले होते, “आपलं झाड बघ, सुनी. भाव खातंय.”

आता या सहलीत त्या झाडापाशी फोटोसाठी रांग लागत होती. नारळवाले होते, भाड्यानं टोप्या देणारे होते, नायिकेसारखं बसून मान वळवणाऱ्या नव्या नवऱ्या होत्या. सुनीतीबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. चैत्रालीनं हाक मारली, “आई, इकडे ये ना, फक्त तुझा एक!” म्हणून त्यांनी हात सोडला. फोटो झाला. वळून बघतात तो मनोहरराव नाहीत.

सुनीतीबाई केवड्याच्या जाळीकडे धावल्या. चैत्राली दुसऱ्या बाजूला धावली. ते उतरले होते त्या लॉजचे मालक निहारबाबू, त्याच बेटावर वाढलेले बंगाली गृहस्थ, तेही शोधायला लागले. आणि सगळ्यांची गाळण उडालेली असताना मनोहरराव झाडांतून स्वतःच चालत बाहेर आले. पाठ ताठ, चेहऱ्यावर हसू. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

“चल, सुनी. ऊन फार झालं.”

सुनीतीबाईंना रडू आवरेना. त्या गडबडीत एक गोष्ट त्यांच्या नजरेला पडली आणि निसटली. ओहोटी होती. पाणी कितीतरी लांब गेलेलं होतं.

३

पुढचे दिवस त्यांनी सणासारखे काढले. नारळाच्या वड्या केल्या, कपाटातून जुनी पातळं काढून नेसल्या. दुपारी जेवणं आटोपली की खुर्चीसमोर मोडा, वेताचं बुटकं बसणं, ओढून बसायचं आणि म्हणायचं, “सांगा ना.” की मनोहरराव सांगायला लागत. खेकड्यानं त्यांचा पंचा कसा ओढला. सुनीतीबाईंनी ओल्या वाळूवर नवं आडनाव लिहिताना ‘टिपणीस’मधला दीर्घ ईकार कसा चुकवला. त्या स्वतः विसरलेल्या गोष्टी त्यांच्या पुढ्यात येऊन पडत, आणि त्यांना चेहरा लपवावासा वाटे इतका आनंद होई. डॉक्टर म्हणाले, “असा एखादा चांगला काळ येतो मधेच. जपून ठेवा.”

एका दुपारी मनोहरराव म्हणाले, “मी झोपलो होतो तेव्हा तू पाण्यापाशी जाऊन वडिलांशी बोललीस. ‘बाबा, माणूस बरा आहे हो. काळजी करू नका.’”

सुनीतीबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांचे वडील लग्नाआधीच गेले होते. ते वाक्य त्या खरंच बोलल्या होत्या, लाटांच्या आवाजात, स्वतःलाही ऐकू येईल न येईल असं. नवरा तेव्हा लांब झाडाखाली घोरत होता.

‘मीच सांगितलं असेल कधीतरी,’ त्यांनी मनाशी म्हटलं. ‘एवढ्या संसारात माणूस काय काय सांगतो.’

विषय बदलावा म्हणून त्या म्हणाल्या, “आणि बोटीवर मी किती आजारी पडले होते! तुम्ही लिंबासाठी साऱ्या बोटीवर हिंडलात.”

मनोहरराव हसले. परक्याच्या घरातला किस्सा ऐकून माणूस हसतो, तसं.

“कुठली बोट?”

“अहो, खिदिरपूरहून गेलो ती. बरं, चैत्रालीच्या वेळचं तरी? रस्त्यात कमरेएवढं पाणी, तुम्ही मला हातरिक्षात घातलंत आणि रिक्षावाल्याबरोबर स्वतः ढकलत नेलंत...”

“मी तिथे नव्हतो, सुनी.”

“तुम्हीच तर होतात!”

“नव्हतो गं,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “मी किनाऱ्यावर होतो.”

४

चैत्रालीला यात काही वावगं दिसत नव्हतं. ती सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून संध्याकाळी दमून यायची, बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसायची आणि त्यांच्या गोष्टी ऐकायची. कोलकात्यात वाढलेली मुलगी, मराठी बोलताना मधेच अडायची.

“पाऊस आला तेव्हा आपण उलट्या होडीखाली शिरलो,” एकदा मनोहरराव सुनीतीबाईंकडे बघत रंगात येऊन सांगत होते. “तू पिवळी साडी पिळत होतीस आणि म्हणालीस, हा पाऊस थांबलाच नाही तर?”

चैत्राली खो खो हसली. “बाबा, ते आपल्या घरचं नाही! ते सिनेमातलं आहे. हिरॉइन बोलते तसं. मला पूर्ण सीन पाठ आहे.”

मनोहरराव गोंधळले नाहीत. “हो, तीही होती,” एवढंच म्हणाले.

त्या सहलीत पावसाचा थेंब पडला नव्हता. पिवळी साडी सुनीतीबाईंकडे कधी नव्हतीच. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडून आपण तासभर पिवळी साडी शोधत होतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी कपाट लावून टाकलं आणि देवापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग बाकीचे आवाज आले.

मनोहरराव दुपारी खुर्चीतच डोळा लावत. झोपेत ते बोलत, पण स्वतःचं नाही. एकदा चढ्या पंजाबीत कुणावर तरी संतापले. एकदा रडवेल्या मुलीसारखे म्हणाले, “मम्मी को मत बताना.” आणि एकदा अगदी लहान मुलाच्या चिरक्या स्वरात, बंगालीत, “आमार जुतो! आमार जुतो!” माझा बूट, माझा बूट. सत्तरीच्या माणसाच्या गळ्यातून तो आवाज निघताना सुनीतीबाईंनी पाहिला आणि त्यांच्या हातातली शेंगांची ताटली खाली पडली.

बोलणं थांबलं की नुसता श्वास उरे. लांबवर ओढलेला, मग वाट पाहायला लावणारा खंड, आणि मग सावकाश पसरत येणारा उच्छ्वास. त्या घरात पंख्याचा, गल्लीतला, शेजारच्या घोषांच्या टीव्हीचा असे सगळे आवाज होते. ते हळूहळू त्या श्वासाखाली बुडत चालले होते. स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी तो ऐकू येई. पोळी लाटताना सुनीतीबाईंच्या लक्षात आलं की आपलं लाटणंसुद्धा त्याच लयीत फिरतंय.

‘वय झालं आपलं,’ त्या स्वतःला म्हणाल्या. ‘इतके दिवस एकटीनं केलं, त्याचा शीण आहे हा.’

५

एका सकाळी मनोहरराव चहा पिता पिता एकदम हसायला लागले.

“काय झालं?”

“नारळवाल्याची छत्री उडाली. ती निळी, मोठी. पार पाण्यात गेली. तो धावतोय आणि सगळे टाळ्या वाजवतायत.”

ते बाल्कनीबाहेर बघत होते. बाहेर समोरच्या घराची भिंत होती आणि दोरीवर वाळत घातलेले टॉवेल.

सुनीतीबाई आत गेल्या, दार लोटून घेतलं आणि निहारबाबूंना फोन लावला. एक शाल तिथे राहिली का, असं काहीतरी विचारलं. निहारबाबू मोकळ्या मनाचे, त्यांना मासिमा म्हणजे मावशी म्हणणारे, हिंदी-बंगालीच्या मिश्रणात गप्पा मारायला लागले. शाल नाही मिळाली, मासिमा. आज वारा फार आहे. आत्ताच तर गंमत झाली, आमच्या नारळवाल्याची छत्री उडून समुद्रात गेली...

“कुठल्या रंगाची?” सुनीतीबाईंनी विचारलं.

“निळी,” निहारबाबू म्हणाले, आणि मग जरा थांबून, “का?”

संध्याकाळी त्यांनी चैत्रालीला सगळं सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाली, “आई, बाबा किती तरी दिवसांनी मला ‘चैतू’ म्हणतो. माहिती आहे ना? तू प्लीज हे खराब नको करू.”

तुला तो चैतू म्हणतो, कारण मी सहलीत त्या किनाऱ्यावर तुला तशी हाक मारली होती, असं सुनीतीबाईंच्या ओठांवर आलं. मुलीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

आणि खरं सांगायचं तर त्यांना तरी कुठे ते खराब करायचं होतं? समोर बसलेला माणूस त्यांना त्यांच्या चोविसाव्या वर्षाची एकेक गोष्ट सांगत होता. कोण उठून जाईल अशा माणसासमोरून?

६

ती दुपार स्वच्छ होती. थंडी नुकती पडायला लागली होती आणि उन्हाचा तुकडा खुर्चीच्या पायापर्यंत आला होता. सुनीतीबाई मोड्यावर बसून मटार सोलत होत्या. खालून जुनी रद्दी घेणाऱ्याची आरोळी गेली.

“तो म्हातारा अजून तिथेच बसलाय,” मनोहरराव म्हणाले.

“कोण म्हातारा?”

“झाडाखाली. रोज असतो. लोक गेले की दिसतो.” त्यांचा स्वर साधा होता, हवापाणी सांगावं तसा. “शर्टाची बटणं चुकीची लावलीयेत. तुझं नाव घेत असतो. म्हणजे, घ्यायला बघतो. ‘सु’पर्यंत येतं.”

सुनीतीबाईंच्या मांडीवरचे मटार घरंगळत खाली गेले.

“भरती यायला लागली,” खुर्चीतला माणूस म्हणाला. “आज मोठी आहे. पाणी त्याच्या पायाशी आलं. उठत नाहीये तो.”

त्यांनी फोन कसा लावला हे त्यांना नंतर आठवलं नाही. निहारबाबू जेवत होते. “झाडापाशी जा,” सुनीतीबाई ओरडल्या, मराठीत ओरडल्या, मग हिंदीत, “पेड के नीचे देखिए! मेरे आदमी हैं वहाँ!”

“मेशोमोशाय? काका? पण मासिमा, त्यांना तर मी स्वतः जेटीच्या गाडीत बसवलं, तुमच्याबरोबर...”

“तुम्ही जा! बोलू नका, जा!”

फोनमधून धावणाऱ्या पावलांचा आवाज येऊ लागला, मग वारा, मग लाटा. आणि समोर, खुर्चीत, तोच आवाज. लांबवर ओढलेला, थबकलेला, पसरत आलेला. दोन्ही एका क्षणाला फुटत होते.

खुर्चीतल्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं. आजाराचा मागमूस नसलेले, तिशीतल्या मनोहरचे डोळे होते ते. पहिल्या दिवशी वाळूवर त्यानं तिचा हात धरला होता, तिनं लाजून सोडवून घेतला होता आणि त्यानं जे विचारलं होतं, तेच त्यानं आता त्याच हळुवारपणे विचारलं.

“नको का, सुनी?”

तेव्हा तिनं उत्तर दिलं नव्हतं. नुसताच हात परत पुढे केला होता.

सुनीतीबाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. फोनमध्ये निहारबाबू कुणाला तरी हाका मारत होते, पाण्यात कुणीतरी धपाधप पाय टाकत होतं.  मग त्या म्हणाल्या,

“नको.”

“बरं,” तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात.

“धोरेछि!” फोनमधून निहारबाबूंचा श्वास लागलेला आवाज आला. “धरलं, मासिमा! गळ्यापर्यंत गेले होते... हे तर मेशोमोशायच आहेत! हे इथे कसे?”

सुनीतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्यांना घोषांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. पंखा, गल्लीतली सायकलची घंटा, कावळे. किती दिवसांनी ते घर त्यांच्या कानांवर पडत होतं. दाराची कडी आतून लावलेली होती. वेताची खुर्ची अजून करकरत होती, आणि तिच्यात कुणी नव्हतं.

७

निहारबाबूंनी पाठवलेला फोटो चैत्रालीनं संध्याकाळी पाहिला. मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. “आज सकाळी मी बाबाला टाटा केला,” ती म्हणाली. मग काहीही न विचारता तिनं सकाळच्या विमानाची तिकिटं काढली.

लॉजच्या पडवीत मनोहरराव एका बाकावर बसले होते. रापलेले, दाढी वाढलेली, अंगात निहारबाबूंचा सदरा. बेटावरच्या डॉक्टरनं तपासलं होतं. उन्हानं त्वचा सोलली होती, पण उपाशी राहिल्याचं काही लक्षण नव्हतं. कुणीतरी रोज खाऊ घातल्यासारखी तब्येत आहे, असं तो म्हणाला.

सुनीतीबाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “मी आलेय. चला घरी.”

मनोहररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला. “आपण?”

“मी सुनीती.”

ते हसले, लहान मुलाच्या चुकीला हसावं तसं. “नाही हो. ती आत्ताच पाणी आणायला गेली. येईलच. मला एकट्याला सोडत नाही ती.”

चैत्राली मागे उभी होती. तिनं तोंडावर हात धरला.

“कोण ती?” सुनीतीबाईंनी विचारलं. “कशी दिसते?”

मनोहरराव उत्तर द्यायला वळले, किनाऱ्याकडे. फोटोवाल्यांची गर्दी ओसरली होती. झुकलेल्या झाडाच्या पलीकडे, केवड्याच्या जाळीत, उन्हात काहीतरी हललं. लगबगीनं चालणारी पाठ होती की नुसती सावली, ते कळायच्या आत दिसेनासं झालं. आणि तिथून हाक आली. लांब नव्हती, मोठी नव्हती. नुकतंच लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याला लोकांदेखत कसं हाकारावं हे न कळून मारलेली, अर्धवट लाजलेली हाक.

“अहो...”

सुनीतीबाईंनी तो आवाज लगेच ओळखला. इतक्या वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता, कारण तो त्यांच्या गळ्यातून केव्हाच गेला होता.

मनोहररावांचा चेहरा उजळला. ते उठले. “आलो गं,” म्हणाले आणि पायरी उतरायला लागले.

सुनीतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. ते सोडवायला बघत होते. म्हाताऱ्या माणसाच्या मानानं बरीच ताकद होती त्यांच्यात. पुन्हा हाक आली, जरा जवळून. चैत्राली धावत आली आणि तिनं दुसरा हात धरला. दोघींपैकी एकीनंही त्या बाजूला पाहिलं नाही. जेटीवर पोचेपर्यंत मनोहरराव रडत होते.

८

आता ते घरीच आहेत. बाल्कनीजवळची खुर्ची बदलली आहे. सकाळी चहा होतो, सुनीतीबाई कपाचा कान त्यांच्या बोटांत अडकवून देतात, बटणं नीट लावून देतात. त्यांना पुन्हा काहीच आठवत नाही, बोट नाही, किनारा नाही, चैतू नाही. डॉक्टर म्हणतात, चांगला काळ होता, तो संपला.

परवा दुपारी सुनीतीबाई त्यांना मऊ भात भरवत होत्या. मनोहररावांनी शहाण्यासारखा सगळा खाल्ला. मग त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर स्वतःचा हात ठेवून, आवाज उतरवून, कुणी ऐकू नये असं म्हणाले, “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. माझं फार करता. पण ती दाराशी आली की मला उठवाल ना? मला झोप लागते हो.”

सुनीतीबाईंनी त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं.

“उठवीन,” त्या म्हणाल्या, आणि उठून दाराची कडी लागली आहे ना, ते बघून आल्या.